पाणी मागून येतं

सारंगखेडा, ता. शहादा
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, मंगळवार

चि. बापू यास आप्पांचा आशीर्वाद.

काल फोनवर तू आईला जे सांगितलंस, ते तिनं रात्री जेवताना मला सांगितलं. शाळेतल्या पोरांबरोबर खाडीवर गेलास, गळ टाकलास, दोन शेंगट्या मिळाल्या. ऐकून बरं वाटलं. भोयाचं पोर कोकणात मास्तर झालं तरी त्याचा हात पाण्याकडं जाणारच. पण तू पार कातळाच्या टोकाला जाऊन बसला होतास असंही ती म्हणाली, आणि मला झोप लागली नाही. म्हणून सकाळीच लिहायला बसलो. फोनवर तू "हो आप्पा, हो आप्पा" म्हणतोस आणि विसरून जातोस. ताई याचा फोटो काढून मोबाइलवर पाठवेल, तो जपून ठेव.

आपण तापीकाठची माणसं. मुलताईहून निघालेलं पाणी सुरतेकडं जातं, मागं फिरत नाही. पूर आला तर वरून येतो, म्हणून तुझे आजोबा जाळं टाकताना एक डोळा कायम वरच्या अंगाला ठेवायचे. तीच सवय माझ्यात आली, माझ्यातून तुझ्यात. खाडीवर ही सवय घात करते. तिथं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि तुझं लक्ष समोरच्या लाटेवर असताना ते तुझ्या पाठीमागच्या घळीत शिरलेलं असतं.

दापोली तालुक्यात मला नोकरी लागली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दत्तजयंतीला घरी यायला रजा मिळाली नव्हती. दोन दिवसांनी, वद्य द्वितीयेला, रविवार होता. सकाळी सातला कातळ लांबपर्यंत उघडा पडला होता. मधली घळ मी चपला न भिजवता ओलांडली. दहा-बारा बायका कालवं काढत होत्या, त्यांच्या कोयत्यांची टकटक चालली होती. जमिनीकडून गार वारा येत होता, समुद्र तव्यासारखा सपाट. गळ टाकून बसलो, पण मन इथं, घोड्यांच्या बाजारात, एकमुखी दत्ताच्या रांगेत. एक तांबोशी लागली, थोड्या वेळानं दुसरी. टकटक कधी थांबली ते कळलंच नाही. साडेदहाच्या सुमारास किनाऱ्यावरून एक बाई जिवाच्या आकांतानं ओरडली, "गुरुजी, मागं बघा!"

वळून पाहिलं तर घळ भरलेली. छातीइतकं पाणी, आणि ओढ अशी की पाय टेकत नव्हता. गळ टाकला, मासे टाकले, चपला तर आधीच वाहून गेल्या होत्या. कालवांच्या कपच्यांनी दोन्ही तळपाय फाटले. ती माउली गुडघाभर पाण्यात आली आणि तिनं हात दिला. पुढं आठ दिवस मी वर्गात पायांना फडकी बांधून उभा राहत होतो. तुझ्या आईला हे आज, हे पत्र वाचतानाच कळेल.

त्या संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं मला हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट कर, ती भरती पूर्ण होण्याची वेळ. द्वितीयेची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती आणि सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास पुढंमागं धरून चाल, पण दिनदर्शिका पाहिल्याशिवाय गळ हातात घेऊ नकोस. आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम हलतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात जवळजवळ निम्मी भरती येऊन जाते. मी नेमका त्या तिसऱ्या तासात बसलो होतो. शिवाय उधाणाचा खरा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी असतो, हे मला कुठं ठाऊक होतं!

कालवं काढणाऱ्या बायका उठल्या की तूही उठायचं. गळाला काहीही लागलेलं असो.

आता दिवस मात्र खरोखर चांगले आहेत. पावसाळ्यातलं गढूळ, गोडं पाणी ओसरून खाडी निवळलेली असेल, पाण्याला खारेपणा परत आला असेल. इकडं पहाटे शेकोट्या पेटतात, पण तिकडचं पाणी अजून कोमटच लागेल. जमीन निवते तसा समुद्र लवकर निवत नाही. त्यामुळेच सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि पाणी शांत असतं. त्या शांततेवर दिवसभराचा भरवसा ठेवू नकोस. ऊन तापलं की दुपारी खारा वारा सुटतो आणि कातळावर लाटा फुटायला लागतात. आणि मार्गशीर्षात वादळ येत नाही असं कुणी म्हणालं तर मानू नकोस. 2017 च्या डिसेंबरात ओखी आलं तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या बोटी देवगडला आसऱ्याला लागल्या होत्या. बंदरावर बावटा असेल किंवा हवामान खात्याचा इशारा असेल, तर त्या दिवशी वह्या तपासत बस.

नवख्यानं भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या दिवसांत जावं असं माझं मत आहे. उधाणात ओढ जास्त, मासाही जास्त हलतो, पण पाणी गढूळ होतं आणि चुकीला माफी नसते. भांगात अष्टमी ते दशमीच्या सुमारास पाणी हळू चढतं. भरती पूर्ण व्हायच्या आधीचा तास-दीड तास खाडीच्या तोंडाशी बस, टोकावर नको. गांडूळ, कणीक हे आपलं नदीचं आमिष तिथं फार चालत नाही. जिवंत कोळंबी लाव. तांबोशी, पालू त्यावर येतात. वाळूच्या अंगाला मुडदुशा मिळतील, त्यांना गळ बारीक लागतो.

शेंगटी काढताना हातानं धरू नकोस. पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो. आधी पक्कडीनं मोड, मग गळ सोडव. वाळूत चालताना पाय उचलून टाकू नकोस, घासत चाल, म्हणजे खाली पाकट, शेपटीला काटा असलेला चपटा मासा, असलं तर सरकून जातं. तरीही काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेव आणि दवाखाना गाठ. चपलेऐवजी जुने बूट घाल.

येत्या रविवारी दशमी आहे. साडेसातला भरती. सहाला जा, पोरांना बरोबर घे, नऊपर्यंत घरी येऊन फोन कर.

उद्या चंपाषष्ठी. आईनं भरताची वांगी आणून ठेवलीत, आणि तू नाहीस म्हणून सकाळपासून दोनदा बोलून झालंय. दत्तजयंतीला रजेचं बघ. घोडे यायला सुरुवात झाली आहे. ती आत्ता माझ्या खांद्यावरून वाचतेय, तळपायांचं वाचून गप्प झाली होती, आणि आता म्हणतेय, "त्याले सांगा, पाणीमा जपीसन जाय."

तुझे,
आप्पा