गाडीच्या पडद्यावर माझ्या मायची गाणी चौकोन झाली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दसऱ्याच्या वाहन पुरवणीत नव्या गाड्यांची माहिती आली होती. मी चष्मा लावून सगळी वाचली. बहुतेक गाड्यांच्या चौकटीत डॅशबोर्डवरचा पडदा किती इंची हे मायलेजच्याही आधी छापलं होतं. तो पडदा चालवायचा कसा, यावर मात्र एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण पेनड्राइव्हचा भाग तेवढा ठेवा.

आधी माझी ओळख. अमळनेरला मी १९७९ ते २०१४ रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. व्हॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, टू-इन-वन आणि शेवटची काही वर्षं गाड्यांचे स्टिरिओ. गँगचा, म्हणजे स्टेशन बदलायच्या खुंटीमागचा, तुटलेला दोरा लाइट गेलेली असतानाही बसवून दिलेला आहे. तेव्हा 'आजोबांना नवीन यंत्र समजत नाही' या खात्यात मला टाकू नये. समजतं, म्हणूनच तक्रार आहे.

गेल्या वर्षी मुलाने गाडी घेतली. शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण इतरांकडून ऐकलं तर सगळीकडे तीच तऱ्हा आहे. हार, नारळ, पेढे आणि पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून फोटो, यात पाऊण तास गेला. पडदा समजावून सांगायला आलेला पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत बघत बोलत होता, त्याची पाच मिनिटंही भरली नसतील. 'काका, सगळं टच आहे, एकदम सोपं.' पुस्तिका मागितली तर तीन घड्यांचा एक कागद दिला. बाकीचं म्हणे मोबाइलवर उतरवून घ्या. उतरवून घेतलं. तीनशेवर पानं, सगळी इंग्रजीत. मी वाचली, पण माझी बायको कशी वाचणार? आणि ड्रायव्हरशेजारी तीच बसते. चालत्या गाडीत त्या पडद्याला हात लावायचाच असेल तर तो तिचा लागायला हवा.

पहिला फटका कन्नडच्या घाटात बसला. बायकोचे डोळे दाखवायला आम्ही चाळीसगावमार्गे संभाजीनगरला निघालो होतो. गाडी मी चालवत होतो. घाट चढताना वळणावर समोरून एसटी आली, तिचा हॉर्न नीट ऐकू यावा म्हणून गाण्याचा आवाज कमी करायला हात पुढे नेला. पस्तीस वर्षांची सवय, बोटं गोल खुंटी शोधत होती. खुंटी नाहीच. तिथे गुळगुळीत काच. काचेवर बोट ठेवलं तर आवाज कमी व्हायच्या ऐवजी गाणं बदललं. मग खाली बघावं लागलं. आवाजाची पट्टी पडद्याच्या कडेला, करंगळीएवढी, आणि गाडी हादरली की बोट भलतीकडे पडतं. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. तीन सेकंद खाली बघितलं की ३३ मीटर गाडी बिनडोळ्यांची. घाटात तेवढ्यात वळण संपून दुसरं सुरू होतं. एसटीवाल्याने गाडी दाबून घेतली म्हणून वाचलो. त्याचे आभार मानायलाही थांबता आलं नाही.

घरी येऊन ती तीनशे पानं उघडली, तेव्हा कळलं की स्टिअरिंगवर डाव्या हाताच्या अंगठ्याखाली आवाजाची कमी-जास्त बटणं आहेत आणि एक बटण आवाज पूर्ण बंद करायचं आहे. न बघता दाबता येतात. त्या पोराने पाच मिनिटांत मला पडद्याचे सात रंग बदलून दाखवले होते, हे बटण नाही.

युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून नवा नियम आणला आहे. इंडिकेटर, हॅझर्डचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीची हाक, यांना खरी बटणं किंवा दांड्या नसतील तर गाडीचे गुण कापले जातात. त्या यादीत आवाजाची खुंटी नाही, हेही खरं. आपल्याकडे भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. त्यांनी यादी करायला घेतली तर खुंटीचा विचार करावा, एवढं आपल्या पत्रामार्फत कळवतो. खुंटीत काय असतं? एक कार्बनचा पट्टा आणि त्यावर फिरणारी पत्ती. खरखर झाली तर चार थेंब क्लीनर टाकला की पुन्हा चालू. फुटलेला पडदा बदलायचे शोरूमने किती सांगितले हे लिहिलं तर लोकांना ते खोटं वाटेल.

ब्लूटूथची गंमत वेगळीच. आमच्या गाडीने मुलाचा मोबाइल पहिल्या नंबरला लक्षात ठेवलाय. एका रविवारी व्याही आले होते. त्यांना गाडी दाखवायला अंगणात नेलं, चावी फिरवली आणि मुलगा आत ओट्याशी उभा राहून मित्राशी जे बोलत होता ते गाडीच्या चार स्पीकरांतून अंगणभर ऐकू आलं. विषय व्याह्यांनी दिलेल्या फ्रिजचा होता. ब्लूटूथ साधारण दहा मीटरपर्यंत पोचतं आणि आपली घरं काही राजवाडे नाहीत. व्याही हसले, पण दुसऱ्यांदा चहा घेतला नाही. उपाय सोपा आहे. पडद्यावर जोडलेल्या फोनांच्या यादीत प्रत्येक फोनापुढे कॉल आणि गाणी असे दोन वेगवेगळे पर्याय असतात. मुलाच्या फोनाचा कॉलचा पर्याय मी बंद करून टाकला. गाणी चालू. गाडी जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकाचा फोन आणि त्याने उतरवलेले नंबर आधी पुसा. त्यांच्या घरच्यांची नावं आपल्या पडद्यावर कशाला हवीत?

मोबाइल वायरने जोडूनही नकाशा पडद्यावर येत नाही, ही तक्रार घेऊन गल्लीतले चार जण माझ्याकडे येऊन गेले. चौघांनाही शोरूमने 'सॉफ्टवेअर अपडेट करावं लागेल' असं सांगितलं होतं. तिघांची वायरच चुकीची होती. यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात, दोन विजेच्या, दोन माहितीच्या. बाजारातल्या स्वस्त वायरीत विजेच्या दोनच असतात. फोन चार्ज होतो, बोलत नाही. मीटर लावून दाखवलं तेव्हा पटलं. चौथ्याच्या मोबाइलच्या खाचेत कापूस अडकला होता. आमच्या भागात जिनिंगवर काम करणाऱ्याच्या खिशात दुसरं काय सापडणार?

आता पेनड्राइव्ह.

माझी माय कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी म्हणायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी चालतात, सोमवारी विसर्जन. १९८८ च्या श्रावणात मी दुकानातला टू-इन-वन घरी आणून तिच्या पुढ्यात ठेवला आणि दोन कॅसेटी भरल्या. मधेच कुणीतरी 'रोट जळना' (नैवेद्याचा रोट जळाला) म्हणून ओरडतं, तेही त्यात आहे. माय १९९६ ला गेली. पुढे त्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवल्या, एकेक गाणं वेगळं कापलं आणि प्रत्येकाला मराठीत नाव दिलं. सव्वीस गाणी. या श्रावणात बायको म्हणाली, माहेरी जाताना गाडीत लावा.

पेनड्राइव्ह लावला. आधी तर गाडीला तो दिसेचना. माझा पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, तो येतो एक्सफॅट पद्धतीने आखलेला आणि आमच्या गाडीला फॅट-३२ लागतो. हे मला ठाऊक होतं, ३२ जीबीचा दुसरा भरून आणला. मग गाणी आली. पडद्यावर सव्वीस ओळी आणि प्रत्येक ओळीत अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. कानबाईचं एकही नाव नाही. बायकोने वाकून बघितलं आणि म्हणाली, 'हाई काय शे?' मी काय सांगणार? पडद्याच्या पोटात देवनागरीची अक्षरंच भरलेली नाहीत. फायलीत नाव शाबूत आहे, कॉम्प्युटरवर स्वच्छ दिसतं, मोबाइलवर दिसतं. फक्त दहा-बारा लाखांच्या गाडीला ते वाचता येत नाही. अक्षरांचा एक संच भरायला किती जागा लागते? माझ्या मायच्या एका गाण्याएवढीसुद्धा नाही.

ज्या अमळनेरात फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तिथल्या रस्त्यावर हे चौकोन फिरताहेत. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, आमच्या चौकात फटाके वाजले. मीही एक लड लावली होती.

बरं, आवाजी हुकूम देऊन बघावा म्हटलं. स्टिअरिंगवरचं बटण दाबून बायको मराठीत 'कानबाईचं गाणं लाव' म्हणाली. गाडीने कुठल्या तरी कानाबाई नावाच्या फोन नंबराची शोधाशोध केली आणि इंग्रजीत माफी मागितली. अहिराणीत सांगून बघू नका, ती एसी वाढवते. शेवटी मी सगळी नावं इंग्रजी लिपीत बदलली. एका दुपारचं काम. आता पडद्यावर दिसतं ते कानबाईच आहे, पण मायची सही दुसऱ्याने केल्यासारखं वाटतं.

एफएमचं एक सांगतो, कारण यात फसलेले पुष्कळ आहेत. बाहेरून बसवलेल्या स्वस्त चिनी स्टिरिओत कधी कधी प्रदेश म्हणून अमेरिका निवडलेली असते. अमेरिकेत एफएमची स्टेशनं ०.२ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी असतात आणि दशांशानंतर कायम विषम आकडा. आपल्याकडे पायरी ०.१ ची. त्यामुळे दशांशानंतर सम आकडा असलेलं स्टेशन त्या सेटवर लागतच नाही आणि गिऱ्हाईक अँटेनाला दोष देतं. मीडियम वेव्हलाही तेच, आपल्याकडे ९ किलोहर्ट्झची पायरी, तिकडे १० ची. सेटिंगमध्ये जाऊन प्रदेश आशिया किंवा युरोप करा, स्टेशनं सापडतील. नव्या गाड्यांतून मीडियम वेव्ह गळतच चाललंय. विजेवरच्या गाड्यांत तर मोटर आणि इन्व्हर्टरची खरखर त्या लहरींत शिरते, म्हणून काही कंपन्यांनी ते काढूनच टाकलं. जळगाव आकाशवाणीच्या बातम्या ऐकत मी पस्तीस वर्षं सोल्डरिंग केलं. आता मोबाइलच्या ॲपवरून ऐकतो, रेंज असेल तेवढा वेळ.

गाडीचा वेग वाढला की आवाज आपोआप वाढतो, हा बिघाड नाही. पारोळ्याच्या पुढे हायवेला लागलो की व्हायचं. मी दोन दिवस वायरिंग तपासलं. ते सेटिंग असतं, बंद करता येतं.

आता जे लिहितोय ते लिहायला जड जातं. गाडी चालू असताना पडद्यावर व्हिडिओ दिसू नये म्हणून कुलूप असतं. हँडब्रेक ओढला तरच चित्र येतं. बाहेरून बसवायच्या सेटला त्यासाठी एक वेगळी वायर येते, बहुतेक वेळा फिकट हिरवी. ती हँडब्रेकच्या स्विचला न जोडता सरळ गाडीच्या पत्र्याला जोडली की सेटला वाटतं हँडब्रेक ओढलेलाच आहे. दुकानाच्या शेवटच्या वर्षांत मी किमान दहा-बारा गाड्यांत ती वायर पत्र्याला जोडून दिली. गिऱ्हाईक म्हणायचं, 'मागच्या पोरांना पिक्चर बघायचाय.' मी दोनशे रुपये घेतले आणि गप्प बसलो. परवा माझा पुतण्या मला घेऊन जळगावहून येत होता, धरणगाव सोडलं आणि पडद्यावर क्रिकेटचा सामना सुरू. मी म्हटलं, बंद कर. तो म्हणाला, 'काका, मी फक्त ऐकतोय.' विकेट पडली तेव्हा तो ऐकत नव्हता. हातात मोबाइल धरून गाडी चालवणं २०१९ च्या कायदा दुरुस्तीने धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं आहे. पोलिसाला हातातला मोबाइल लांबून दिसतो, डॅशबोर्डवरचा सामना दिसत नाही. घरी पोचल्यावर मी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि त्याची हिरवी वायर जिथे हवी तिथे जोडून दिली. तो आठवडाभर बोलला नाही. माझ्याकडून ज्यांनी पूर्वी करून घेतलंय त्यांनी गाडी घेऊन घरी यावं, फुकट पूर्ववत करून देतो. घर दुकानाच्या जुन्या जागेच्या मागेच आहे, शेजारी कुणालाही विचारा.

शोरूमवाल्यांना माझं मागणं मोठं नाही. गाडी देताना फोटोतली पंधरा मिनिटं कापून गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने तीन गोष्टी करायला लावा. न बघता आवाज बंद करणं, फोन जोडून पुन्हा काढणं आणि अडकलेला पडदा परत सुरू करणं. आमच्या गाडीत त्यासाठी पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरावं लागतं, हे मला पारोळ्याच्या एका टॅक्सीवाल्याने सांगितलं. आणि पुस्तिका मराठीत द्या. तीनशे पानं नकोत, वीस द्या.

चौकोनांबद्दल मी दोन सर्व्हिसिंगना लेखी तक्रार केली. दोन्ही वेळा 'पुढच्या अपडेटमध्ये येईल' असं उत्तर मिळालं. तिसरी सर्व्हिसिंग पुढच्या महिन्यात आहे. मी मूळ मराठी नावांचा पेनड्राइव्ह बरोबर नेणार आहे. मॅनेजरना ड्रायव्हरच्या सीटवर बसवून विचारणार आहे, साहेब, यातलं अकरावं गाणं कोणतं, वाचून दाखवा.

आपला,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक
अमळनेर, जि. जळगाव