जुना रेग्युलेटर घेण्याआधी

ठाणे,
रविवार, रात्री

प्रिय दोस्ता,

कोंबुचाच्या (आंबवलेल्या चहाच्या) केगसाठी, म्हणजे त्या दाबबंद पिंपासाठी, कुणाचा तरी वापरलेला गॅस रेग्युलेटर घेतोय असं तू परवा फोनवर म्हणालास, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. पैसे देण्याआधी हे वाच.

गेल्या महिन्यात मी १९ लिटरचा केग फ्रिजमध्ये ठेवून सिलेंडरमधून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा दाब रेग्युलेटरने १२ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) लावला होता. चार अंशांच्या आसपास थंड असलेल्या पेयाला तेवढा पुरतो. सकाळी बघतो तर काटा २५ वर, आणि ग्लासात नुसता फेस! केगमधला जास्तीचा दाब सोडून पुन्हा १२ वर आणला. दुसऱ्या दिवशी ३०.

मी दोन दिवस उन्हाळ्याला दोष देत बसलो. सिलेंडरकडचा दाब दाखवणारा मोठा गेज दुपारी चढतो ना, म्हणून. पण तो चढणारच. आत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, त्याचा दाब २० अंशांना साधारण ५७ बार (हेही दाबाचंच माप, पीएसआयपेक्षा बरंच मोठं), तर ३० ला ७२ च्या घरात. (आतला द्रव संपेपर्यंत तो काटा खाली येत नाही, म्हणून किती गॅस उरला ते वजन करूनच कळतं.) सिलेंडरकडे काहीही होवो, केगकडचा दाब धरून ठेवायचा हेच तर रेग्युलेटरचं काम.

मग केगची नळी काढली, रेग्युलेटरची बाहेरची चावी बंद केली, स्क्रूने १२ लावले आणि घड्याळ घेऊन समोर बसलो. पाच मिनिटांत १४, वीस मिनिटांत २२. सगळीकडे साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा कुठेच नाही. स्क्रूच्या टोपीच्या भोकातून बुडबुडे आले असते तर डायफ्राम (रेग्युलेटरमधला लवचिक पडदा) फाटलाय म्हणायचं. इथे गॅस बाहेर जात नव्हता, आतल्या सीटवरून, म्हणजे झडप जिथे टेकून गॅस अडवते त्या बैठकीवरून, केगकडे झिरपत होता.

वागळे इस्टेटमध्ये गेज दुरुस्त करणाऱ्या काकांनी तो माझ्यासमोर उघडला. सीटवर पांढरा तंतू! सिलेंडरच्या नटावर मीच टेफ्लॉन टेप गुंडाळली होती. ‘हा जोड वॉशरवर बसतो, टेप कशाला?’ काका म्हणाले. सीटवर चरा पडला होता, म्हणून नवी टाकली.

मला खरी धास्ती वेगळीच होती. तो फ्रिज बाबांच्या खोलीत होता. बाबा खाली गादीवर झोपतात, एसीमुळे दारं-खिडक्या बंद. घरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो; या गॅसला वास नाही, शिवाय हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो आणि माणूस गुदमरतो. वाढलेल्या दाबाने रात्री एखादा जोड सुटला असता तर? त्याच संध्याकाळी फ्रिज आणि सिलेंडर ड्राय बाल्कनीत हलवला, सिलेंडर उभा बांधून टाकला. आडवा पडला तर द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो.

तुझ्या घरातही आई खालीच झोपते. म्हणून म्हणतो, तो रेग्युलेटर विकत घेण्याआधी दोन दिवसांसाठी मागून इकडे घेऊन ये. माझ्या सिलेंडरवर लावून अर्धा तास काटा बघू. नवं वॉशर मी आणून ठेवतो.

तुझाच,
ठाणेकर