सुखातल्या पेशी औषध देत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘बाटलीत वाढवलेल्या वनस्पतीत औषधी गुण कुठून येणार?’ असे एका वाचकाने याच सदरात विचारले आहे. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागात 26 वर्षे प्रयोगशाळा सहायक होतो. आयुष्य फ्लास्क धुण्यात आणि ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने जंतू मारणारे यंत्र) लावण्यात गेले. 121 अंश, 15 पौंड, 20 मिनिटे हे आजही झोपेत सांगेन.

शंका अगदीच चुकीची नाही. माध्यमात, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रावणात वाढवतात त्यात, लिटरला 30 ग्रॅम साखर मिळाली की अश्वगंधेच्या पेशींचा पांढुरका, भुसभुशीत गोळा भराभर वाढतो; पण त्यात औषधी द्रव्य बेताचेच. खाऊनपिऊन सुखी असलेली पेशी ते कशाला बनवील? झाडाची ही रसायने बव्हंशी कीड, बुरशी, दुष्काळ यांच्याशी झगडण्यासाठी असतात. म्हणून आधी पेशी पोसायच्या, मग त्यांना फसवायचे. आमच्या मॅडम यीस्टचा अर्क, सॅलिसिलिक आम्ल, कधी मिथाइल जास्मोनेट घालत. हे शेवटचे मूळचे जाईच्या तेलातले. बाटली उघडली की खोलीभर घमघमाट. पेशींना वाटते, कीड पडली! लागतेही अगदी थेंबभर. एकदा मात्रा चुकली, तर गोळे चहाच्या चोथ्यासारखे काळे पडले.

जपानमध्ये 1980 च्या दशकातच ‘आधी वाढ, मग उत्पादन’ अशी दोन वेगळी माध्यमे वापरून शिकोनिन हे लाल द्रव्य टाक्यांत काढले गेले. ते लिपस्टिकमध्येही गेले. कॅन्सरवरचे पॅक्लिटॅक्सेल आधी ‘यू’ नावाच्या झाडाची साल सोलून काढत, आज ते पेशीसंवर्धनातूनही, म्हणजे अशा वाढवलेल्या पेशींतूनही मिळते. ते नकली म्हणायचे का? रेणू तोच. आणि आपल्या सह्याद्रीतला नरक्या हा वृक्ष कॅम्प्टोथेसिन या कॅन्सरच्या औषधांसाठीच्या द्रव्यापायी बेसुमार तोडला गेलाय, त्याचे काय?

आता खरे दुखणे. एका मे महिन्यात दुपारी वीज गेली, ती रात्रीच आली. फ्लास्क सतत हलवत ठेवणारा शेकर थांबला, पेशी तळाला बसून गुदमरल्या, एसी बंद पडल्याने खोलीची भट्टी झाली. एका विद्यार्थिनीचे तीन महिन्यांचे काम मी दुसऱ्या दिवशी मोरीत ओतले. ती दाराशी उभी होती, काही बोलली नाही. जनरेटर होता, पण त्याची तार कार्यालयापर्यंतच ओढलेली. पेशी वाढवायच्या खोलीसाठी (कल्चर रूम) वेगळी तार ओढा, असा अर्ज मी निवृत्तीपूर्वी तीनदा दिला. पोच तिन्हींची आहे.

— एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, जुळे सोलापूर