आजीचा नेम आणि माझी शुगर

माननीय संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही नवीन वर्षाचे संकल्प छापलेत ते वाचले. पहाटे पाचला उठा, दहा हजार पावलं चाला, अर्धा तास ध्यान, डायरी लिहा, अॅव्होकाडो खा. वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला, कारण मी सेंट्रल लाईनवर ठाण्याच्या पलीकडे राहते, माझे तीन डबे सव्वासहाला भरून तयार असतात आणि साडेसातची लोकल पकडायची असते, त्यात हे ध्यान नेमकं कुठे बसवायचं ते लिहिणाऱ्याने एकदा येऊन दाखवावं.

गेल्या जानेवारीत मी पण हे सगळं केलं होतं. ऑफिसच्या चेकअपमध्ये माझी तीन महिन्यांची शुगर, ती एचबीएवनसी म्हणतात ना ती, 6.2 आली. 5.7 च्या खाली नॉर्मल, 6.5 पासून डायबिटीस, म्हणजे मी मधल्या फलाटावर उभी. घाबरून जिमचे वर्षाचे पैसे भरले आणि मोजून एकोणीस दिवस गेले. मोबाईलमध्ये पावलं मोजणारं अॅप टाकलं, ते रोज रात्री सांगायचं अजून चार हजार बाकी, आणि एक दिवस चुकला की सगळं शून्यावर. मुलगा म्हणायचा आई तुझा स्ट्रीक गेला. होळीपर्यंत अॅप पण गेलं.

आणि त्या दहा हजारांची गंमत माहितीये का, तो आकडा काही डॉक्टरांनी बसून काढलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर 1965 मध्ये जपानमध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजेच दहा हजार पावलांचा मीटर. यंत्र विकायला घेतलेला गोल आकडा, आणि मी तो कमी पडला म्हणून रात्री अकराला स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते!

मग आषाढ आला. कांदेनवमीला भजी तळताना सासूबाई म्हणाल्या, या वर्षी काय सोडतेस गं चातुर्मासात. मी कधीच काही धरत नाही, पण त्यावरून माझी आजी आठवली, सातारकडची. तिचा दरवर्षी एक नेम असायचा. एका वर्षी वांगं बंद, एकदा जेवताना मौन (त्या वर्षी आजोबा फार खूश होते), एकदा रोज तुळशीपुढे तेहेतीस गोपद्मं काढायची. आणि एका वर्षी लक्ष वाती. चार महिन्यांत लाख वाती म्हणजे दिवसाला आठशेच्या वर झाल्या, मांडीवर कापूस घेऊन वळत बसायची, शंभर झाल्या की एक चिंचोका बाजूला. तिचं अॅप ते! पण तिच्या नेमाला मुदत होती, आषाढी ते कार्तिकी. घरात सगळ्यांना माहीत असायचं त्यामुळे तिच्या ताटात वांगं कोणी वाढायचंच नाही. शेवटी उद्यापन असायचं. आणि एखादे दिवशी मोडला तर म्हणायची, मोडला तर मोडला, देवाला हात जोडायचे नि उद्यापासून परत धरायचा. शून्यावर बिन्यावर काही नाही.

तर मी पण नेम धरला, देवाधर्माचा म्हणून म्हणा किंवा शुगरचा म्हणून म्हणा. उपवासाचा धरला नाही, कारण एकादशी दुप्पट खाशी, साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाऊन कोणाची शुगर उतरलेली मी तरी पाहिली नाही. आणि ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना न विचारता उपाशी राहूच नये.

पहिला नेम, चहात साखर नाही. ऑफिसात चार चहा होतात, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम नुसती चहातच, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाची वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. पहिले आठ दिवस चहा म्हणजे काढा वाटत होता. आमचा चहावाला तर मॅडम कोणावर रागावल्यात का विचारायचा. चारचे दोन आपोआप झाले, कारण बिनसाखरेचा तिसरा चहा घशाखाली उतरतच नाही.

दुसरा, रात्री जेवण झालं की ओट्याकडे न वळता सरळ खाली पंधरा मिनिटं चालायचं, कारण जेवणानंतर साखर चढत असते तेव्हाच पाय हलवले तर स्नायू ती वापरतात, डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं पण मी जिमच्या नादात ऐकलं नव्हतं. भांडी हे घासतात. सुरुवातीला कढईचा तळ तसाच असायचा, मी बघून न बघितल्यासारखं केलं, तो माझा तिसरा नेम म्हणा. स्टेशनला जाताना रिक्षा सोडली तिथे बारा मिनिटं भरभर चालणं होतं, पाच दिवसांचा एक तास, रात्रीचं मिळून आठवड्याचे दीडशे मिनिटांच्या वर होतात, मोठ्या माणसाला कमीत कमी तेवढं चालणं सांगितलेलंच आहे.

नेम मोडला का, तर मोडला ना. गणपतीत माहेरी मोदक, चारच खाल्ले असं इथे लिहिते, पाच होते. पाऊस होता ते दोन दिवस दादरलाच अडकलो तेव्हा घरी पोचून चालणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत धरला.

तुळशीचं लग्न झाल्यावर परत रक्त दिलं. डॉक्टर म्हणाले तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यांना जी साखर चिकटलेली असते तीच ही टेस्ट मोजते, म्हणून आठवडाभर पथ्य करून फसवता येत नाही. मी बोटं मोजली, 120 दिवस म्हणजे जवळजवळ चातुर्मासच की. आजीला हे माहीत असायचं कारण नव्हतं, योगायोग आहे, पण मला फार बरं वाटलं. आकडा आला 5.9. वजन दोनच किलो उतरलंय आणि 5.7 च्या खाली अजून गेलेले नाही, त्यामुळे आधी आणि नंतरच्या फोटोत छापण्यासारखी मी झालेली नाहीये. उद्यापनाला खीर केली, वाटीभर खाल्ली. चहा मात्र आता गोड केला तर पिववत नाही.

तुमच्या पुरवणीला एवढीच विनंती की पुढच्या वेळी ज्यांचा दिवस दुसऱ्यांच्या डब्यांनी सुरू होतो त्यांचा पण एखादा संकल्प छापा. आणि आणखी एक. आमच्या घराजवळ चांगली बाग आहे, आत चालायला ट्रॅक आहे, ती सकाळी आम्ही गाडीत असताना उघडी असते आणि संध्याकाळी आम्ही स्टेशनवरून येईपर्यंत गेटला कुलूप लागतं. रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला कोणाला सांगता आलं तर बघा. तोपर्यंत आम्ही पाचसहा जणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालतो आहोत, स्कूटरच्या मधून मधून.

आपली,
एक नियमित वाचक