साखर कारखान्यांचे प्रगतिपुस्तक

गाळप सुरू झाले की आमच्याकडे वाळत घातलेले कपडे दुपारच्या आत घरात घ्यावे लागतात. चिमणीतून उडालेली बगॅसची, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चोथ्याची, काजळी पांढऱ्या कपड्यावर बसली, की झटकून जात नाही. चोळली तर आणखी पसरते.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2022-23 पासून पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना पाणी, ऊर्जा, कचऱ्याचा हिशेब देणे बंधनकारक केले. चांगलेच झाले. पण सहकारी साखर कारखाने शेअर बाजारात नाहीत, म्हणजे ते आपोआप सुटले. शिवाय त्या हिशेबातले एक माप आहे उलाढालीच्या रुपयामागे किती पाणी. साखरेचा भाव चढला, की कागदावर पाण्याची बचत! साखर कारखान्यांची तुलना टनभर उसामागे किती पाणी बाहेरून घेतले, यावरच व्हावी. मुळात उसातच सुमारे 70 टक्के पाणी असते. ते नीट वापरणारा कारखाना नदीला फारसा हात लावत नाही.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2017 मध्ये उद्योगांना एक ते पाच तारे देणे सुरू केले, तेही चिमणीतल्या धूलिकणांपुरते. मळीमिश्रित पाण्याने मेलेले मासे त्यात कुठून दिसणार?

कोणत्या कारखान्याचा उतारा किती, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली, हे आमच्या पारावर तोंडपाठ असते. साखर आयुक्तालयाने उताऱ्याच्या तक्त्यातच पाणी, राख आणि सांडपाण्याचे तीन रकाने वाढवावेत, आणि तो तक्ता गाळप संपायच्या आत गावोगावी लावावा.

— एक ऊस उत्पादक सभासद, सांगली जिल्हा