मित्रास पत्र : सहा शिलिंगांविषयी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

एप्रिलमध्ये कराच्या विवरणपत्रावर सही करताना, हा पैसा युद्धाला जाणार या विचाराने तुझा हात थबकला, आणि ‘माझ्या चार पैशांवाचून युद्ध थोडेच अडणार आहे?’ असे तू स्वतःला समजावलेस, हे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. तू राहतोस त्याच अमेरिकेतील न्यू जर्सीच्या माउंट हॉली गावात जॉन वूलमन नावाच्या शिंप्याने पावणेतीनशे वर्षांपूर्वी हेच ओझे मनावर वागवले होते. म्हणून त्याच्याविषयी लिहितो.

वूलमन क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. शस्त्र हाती धरायचे नाही ही त्या पंथाची श्रद्धा. परंतु सरकारने मागितलेला कर पंथातील वडीलधारी, सज्जन माणसेही निमूटपणे भरत आली होती. 1755 मध्ये इंग्रजांच्या फ्रेंचांशी चाललेल्या युद्धाची झळ शेजारच्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या सीमेला लागली आणि तिथल्या विधिमंडळाने, ज्यात क्वेकरांचेच वजन होते, युद्धासाठी 60,000 पौंड मंजूर केले. तेव्हा वूलमनसह 21 जणांनी आपल्या धर्मबंधूंना पत्र लिहून कळवले की हा कर आम्हाला देववत नाही. पुढच्या वर्षी काही क्वेकरांनी विधिमंडळातील जागाही सोडल्या. वूलमनच्या धैर्यापेक्षा त्याची घालमेल मला अधिक जवळची वाटते. चांगली माणसे जे करतात ते नाकारणे त्याला फार जड जात होते, पण अंतःकरणाविरुद्ध वागणे त्याहून भयंकर वाटत होते, असे त्याने आपल्या रोजनिशीत प्रांजळपणे नोंदवले आहे.

1758 च्या एप्रिलमध्ये गावातलाच एक अधिकारी त्याच्या दारी आला. दोन शिपायांना घरी ठेवून घ्यायचे होते, मोबदला दर शिपायामागे आठवड्याला सहा शिलिंग. प्रत्यक्षात एकच शिपाई आला, दोनेक आठवडे राहिला आणि सभ्यपणे वागला. अधिकारी पैसे द्यायला आला तेव्हा वूलमनने ते घेतले नाहीत. हुकूम आहे म्हणून माणसाला आसरा दिला, त्याचे दाम मला घेता येणार नाहीत, एवढेच त्याने सांगितले. त्या शिपायाचा राग नाही, सरकारशी भांडण नाही, फक्त लढाईचा पैसा या हातातून जाऊ द्यायचा नाही आणि या हातात येऊही द्यायचा नाही.

आपल्याकडे 17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनारला विनोबा वैयक्तिक सत्याग्रहासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांचेही म्हणणे हेच होते की या लढाईला माणसांनी वा पैशांनी मदत करणे चूक आहे. रणांगणावर सांगितलेल्या गीतेला आई मानणाऱ्या माणसाने हे म्हणावे, याचा मी अनेकदा विचार करतो. त्यांना तुरुंगात जावे लागले; महायुद्ध थांबले नाही. ते थांबणार नाही हे त्यांनाही कळत असणारच, आणि म्हणूनच तुझा ‘थोडेच अडणार आहे’ हा युक्तिवाद मला पटत नाही. प्रश्न युद्ध अडण्याचा नव्हताच, देणारा हात कोणाचा, हा होता.

माझा कर पगार हाती पडण्याआधीच कापला जातो. तुझाही बहुतेक तसाच जात असेल. वूलमनला निदान नाणी मोजून देण्याचा क्षण तरी मिळत होता, आपल्या वाट्याला त्यातली एक सही तेवढी उरली आहे. कायदा मोड, असे मी तुला सांगणार नाही. त्याचा दंड तुझ्या मुलाबाळांना भोगावा लागेल आणि मी इथे सुखरूप असेन. पण त्या थबकण्याला तू दुबळेपणा म्हटले आहेस, तो शब्द कृपा करून मागे घे. पुढच्या एप्रिलपर्यंत वेळ आहे. तोवर तुझ्या मनात काय ठरते ते मला सविस्तर कळव.

तुझा,
बालमित्र