बाबू, स्टेअरिंग मिळेल रे, आधी बस जरा

चि. बाबू यास आशीर्वाद,

काल फोनवर तू वैतागलेला होतास, ट्रक कंपनीच्या ट्रेनिंगला जाऊन तीन दिवस झाले तरी गाडीला हात लावू दिला नाही, नुसतं हॉलमध्ये बसवतात, पडद्यावर व्हिडिओ दाखवतात, फॉर्म भरून घेतात, मी काय शाळेत आलोय का वगैरे. मला फोनवर नीट सांगता येत नाही, त्यात तुझी आई मध्येच जेवलास का जेवलास का करत होती, म्हणून हे टाईप करतोय. मोठं होईल, जेवणाच्या सुट्टीत वाच.

पहिलं म्हणजे तुला गाडी येते हे आठवडाभर विसर. दोन सीझन पिकअपमधून आंब्याच्या पेट्या रात्रीत वाशीला पोचवल्यास, मला कौतुक आहेच, लांज्यात चार माणसांना सांगितलंय पण. तरी पिकअप वेगळी आणि दहा टायर वेगळी. पिकअपचा ब्रेक तेलावर, हिचा हवेवर. भरलेली दहा टायर साडेअठ्ठावीस टनापर्यंत पास असते, ती पळवायला काही लागत नाही, थांबवायला लागतं. तुझी पिकअपची सवय आधी काढायची आणि मग नवीन घालायची, त्याला वेळ लागतोच.

आम्हाला कसलं ट्रेनिंग, चार वर्षं क्लीनर होतो, उस्तादाच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या शिव्या हेच ट्रेनिंग. ताडपत्री बांधायची, चाकामागे दगड लावायचा, रात्री तो झोपला की गाडी राखायची. शिकलो सगळं, पण जे उस्तादाला चुकीचं माहीत होतं तेही शिकलो ना. त्यातलं एक न्यूट्रल.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. माझी स्वतःच्या हातातली गाडी होऊन जेमतेम महिना झाला होता, कोल्हापुरातून साखर भरून आंबा घाटाने साखरप्याकडे उतरत होतो. मालक डिझेल मोजून द्यायचा आणि वाचलं ते आपलं, म्हणून उतार आला की न्यूट्रल, गिअर काढून गाडी नुसती सोडून द्यायची, सगळेच करायचे. दोन वळणं ब्रेकवर काढली, तिसऱ्याच्या आधी जळका वास यायला लागला, मला वाटलं पुढच्या गाडीचा. पेडल दाबलं तर पाय खाली गेला पण गाडी धरेचना, गिअर टाकायला गेलो तर नुसता कर्रर्र, त्या स्पीडला पडतोच कुठे. डावीकडे डोंगर होता म्हणून वाचलो, दोन चाकं गटारात घातली आणि कातळाला घासत घासत थांबली. खाली उतरलो तर मागच्या चाकांतून धूर. क्लीनर कॅन घेऊन पाणी ओतायला निघाला, मागून आलेल्या एका ड्रायव्हरने त्याचा हात धरलान, म्हणाला तापलेल्या ड्रमवर पाणी टाकशील तर ड्रम तडकेल. तासभर तिथेच बसून होतो, पाय थरथरत होते.

म्हणून तुमचा तो ट्रेनर पडद्यावर ब्रेक फेडचं, म्हणजे तापून ब्रेक धरेनासा होतो त्याचं चित्र दाखवेल ना, तेव्हा मोबाईल खाली ठेव. ज्या गिअरने घाट चढशील त्याच गिअरने उतरायचा, गिअर घाटाच्या तोंडाशीच टाकायचा, मध्ये नाही. एक्झॉस्ट ब्रेक, इंजिनाचा धूर अडवून गाडी धरतो तो, लावून ठेवायचा आणि पायाचा ब्रेक दाबून सोडून दाबून सोडून, पाय ठेवून बसायचं नाही. फार पंप पण मारायचा नाही, टाकीतली हवा उतरते. हातात गाडी येईल तेव्हा विचार त्याला की हवा कमी झाली की बझर कधी वाजतो आणि मग गाडी आपोआप का जाम होते, विचारायला लाजू नको. मागच्या बाकावरची पोरं हसतील, हसूदेत.

आता कागदांचं. डोळे तपासतील, फॉर्म १-ए वर डॉक्टरची सही घेतील, तोंडात नळी देऊन फुंकायला लावतील, हे सगळीकडे असतं, त्यात अपमान वाटायला नको. लायसन्स ओरिजिनल दाखव आणि लगेच परत घे, त्यांच्याकडे झेरॉक्स. बाँड, म्हणजे इतके महिने सोडणार नाही असा करार असेल तर सही करायच्या आधी पूर्ण वाच, मध्येच सोडलं तर ट्रेनिंगचे पैसे कापणार का, किती महिने बांधून घेतात, ट्रेनिंगच्या दिवसांचा पगार मिळतो की नुसता भत्ता, जेवण कोणाचं. पीएफचा नंबर मागून घे. आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाक, आईला कळणार नाही पण राहूदे तिच्याकडे.

क्लासमध्ये ई-वे बिल, मालाबरोबर लागणारा जीएसटीचा कागद, शिकवतील, पन्नास हजारांच्या वरचा माल असला की लागतं, मुदत दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी असते, गाडी कुठे बंद पडून तारीख संपली तर ऑफिसला आधी फोन. ओव्हरलोड पकडला तर वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, तेव्हा जाईल रे थोडं म्हणणाऱ्याचं ऐकू नको. माल उतरला की पोच पावतीवर सही शिक्का घेतल्याशिवाय गेट सोडायचं नाही. माझी एक पोच शिक्क्याविना आली होती आणि मालकाने भाडं माझ्या पगारातून वळतं केलं, बारा पोती कमी आली असं सांगून.

कॅमेऱ्याचा तुला राग आलाय, केबिनमध्ये तोंडावर कॅमेरा, जांभई दिली तरी बीप. मलाही पटत नाही खरं सांगायचं तर, माणसाला एकांत असतो की नाही. पण पुढे बघणारा कॅमेरा मात्र आपला साक्षीदार आहे, बाईकवाला स्वतः येऊन आपटला तरी गर्दी मोठ्या गाडीवाल्यालाच धरते. काही झालंच तर १०८, ११२ आणि हायवेचा १०३३, पाठ करून ठेव.

मग काही दिवस जुन्या ड्रायव्हरबरोबर बाजूच्या सीटवर पाठवतील. खरं ट्रेनिंग ते. तो चालवताना रस्त्याकडे नको बघू, त्याच्या आरशाकडे बघ, किती वेळा बघतो, ओव्हरटेक किती वेळा सोडून देतो. रिव्हर्स घेताना उतरून बघतो का नाही. आता कंपन्या क्लीनर देत नाहीत, मागे कोण येऊदे येऊदे म्हणणार नाही, तूच उतर, शंभर वेळा उतर. तो न्यूट्रल मारणारा निघाला तर भांडू नको पण शिकूही नको. नवीन गाडीत धूर साफ करायला वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी लागतं, ते टाकायला विसरायचं नाही, संपलं की गाडी पॉवर तोडते आणि ती तोडणार नेमकी चढावर.

गाडी काढायच्या आधी इंजिन बंद ठेवून गाडीभोवती एक चक्कर मार. एसी केबिन आता नव्या ट्रकला सक्तीची झाली, २०२५ पासून, चांगलंच आहे, आम्ही उन्हाळ्यात बनियनवर चालवली. पण काच बंद ठेवून ब्रेकची हवा गळते त्याची सूं सूं ऐकू येत नाही, तेव्हा खाली उतरून कान दे. आणि टायर टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने वाजव. मागे जोडीचे टायर असतात, आतला बसलेला असला तरी बाहेरचा उभा धरतो, डोळ्याला दिसत नाही. भरलेला टायर ठण्ण करून टॉमी परत फेकतो, बसलेला नुसता थप्प करतो. दोनचार दिवस वाजवलंस की झोपेत पण कळेल.

ते टँकरचं म्हणत होतास, पगार जास्त आहे म्हणून. घाई करू नको. धोक्याच्या मालाला वेगळं तीन दिवसांचं ट्रेनिंग आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत गेला तेव्हा हायवे बंद होता, तू पुलावर बघायला गेला होतास आणि पोलिसांनी हाकललं होतं, आठवतंय ना. दोन वर्षं साधा माल ओढ, मग बघू.

झोपेचं सांगायला नको, तरी सांगतो. दिवसाला आठच तास काम आणि पाच तासांनी अर्धा तास आराम हे १९६१ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं, पाळलं किती ते विचारू नको. तुला कोणी अजून एक ट्रिप मार म्हणाला आणि डोळे मिटत असतील तर नाही म्हण. नोकरी जाईल असं वाटतं, इतक्यात जात नाही.

आणि गणपतीची रजा आत्ताच लिहून मागून ठेव, नवीन पोरांना शेवटी मिळते. तसंही दरवर्षी त्या दिवसांत आपल्या हायवेवर अवजड गाड्यांना बंदी घालतात, तेव्हा या बाजूचं काम कमीच असणार, हे त्यांना गोड बोलून सांग.

माझी जुनी टॉमी उद्याच्या एसटीने पार्सल करतोय, गोणपाटात बांधलेय, सोबत आईने कोकमं आणि सोडे दिलेत, एकत्र नको बांधू म्हणालो तर ऐकलं नाही. डेपोतून सोडवून घे, आधी वास येईल.

बाबा